कोमट पाणी

कापूस खाता येत नाही, एवढी साधी गोष्ट कंपनीच्या डोक्यात काही शिरत नव्हती. की शिरत होती आणि तिचं त्यांना काही वाटत नव्हतं, कोण जाणे. नाकारोआच्या बायकांनी मुकादमाला सांगून पाहिलं, गावच्या प्रमुखाला पुढे घालून सांगून पाहिलं. उत्तर ठरलेलं. समुद्रापलीकडे पोर्तुगीजांच्या देशात कापडाच्या गिरण्या आहेत, त्यांना कापूस लागतो, आणि नाकारोआच्या बायकांना हात आहेत. झालं. पुरुष तर आधीच धरून नेलेले, कोणी किनाऱ्यावरच्या मळ्यांत, कोणी रेल्वेचे रूळ टाकायला. मग बायकांच्या नावानं खुंट्या ठोकून जमिनी आखल्या, त्याही ज्वारीच्या चांगल्या काळ्या जमिनी, आणि सांगितलं, इथे कापूस. ज्वारी कुठे लावायची ते तुमचं तुम्ही बघा.

बघायला सवड कोणाला होती? कापसाचे लाड फार. पेरा, विरळणी करा, निंदा, पुन्हा निंदा, अळ्या वेचा, बोंडं फुटली की वेचणीला लागा, आणि बांधावर मुकादमाची सायकल उभीच. ज्वारीला कुदळ लागायची वेळ आणि कापसाला लागायची वेळ नेमकी एकच. ज्वारी गवतात गेली. लोक कसाव्यावर आले, कारण कसाव्याच्या दांड्याचा तुकडा मातीत खुपसला की खाली कंद आपले आपण वाढतात. पण कडू कसावा दिवस-दिवस भिजत घालावा लागतो, वाळवावा लागतो. भुकेच्या घाईत कोण थांबतंय? कच्चाच शिजवून खाल्ला, आणि गेल्या साली गावातल्या कित्येक पोरांचे पाय लुळे पडले. अजून ती काठीला धरून फरफटत चालतात. कंपनीच्या गाड्या मात्र भरून गेल्या.

मुहुपीच्या घरचं दुखणं निराळं होतं. तिला एकच लेक, मुआचा. मकुआ लोकांत घराणं आईकडून लेकीकडे चालतं. लेक नाही तर घर बुडालं, मग मुलगे कितीही असोत. मुआचाचं पहिलं मूल पोटातच गेलं, कापसाच्या वेचणीत. दुसरं जन्मलं, पण आईच्या अंगावर दूधच नाही. येणार कुठून, पोटात अन्न नको? चार-दोन दिवस चोखून चोखून ते पोर निपचित पडलं आणि गेलं. आता मुआचा तिसऱ्यांदा पोटुशी होती. नवरा रुळांच्या कामावर, जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही. मुहुपी लेकीकडे बघायची आणि आपल्या वाटणीचा घास तिच्यापुढे सरकवायची. हे मूल जगलं पाहिजे. दुसरं तिला काही मागायचंच नव्हतं.

अशात पेरणीच्या तोंडावर नाकोमानं बायकांना झाडाखाली बोलावलं.

नाकोमा म्हणजे गावची थोरली आई. झाडाच्या बुंध्याशी ज्वारीचं पीठ ठेवून मेलेल्या वाडवडलांशी बोलायचा मान तिचा, आणि गावातली बाळंतपणंही तिचीच. प्रमुखापासून लुळ्या पोरांपर्यंत नाकारोआतलं यच्चयावत माणूस तिच्या हातांवर जगात आलेलं. हात तरी कसे, एवढेसे, पोरीसारखे, बोटं लवलवती. आडवं मूल ती आतल्या आत फिरवून सरळ करायची, म्हणून बायका तिला भ्यायच्या आणि तिच्यासाठी जीव टाकायच्या.

नाकोमानं सांगितलं ते थोडक्यात असं. कंपनी सरकी देते, आपण पेरतो, ती उगवते, म्हणून कंपनी राहते. सरकी उगवलीच नाही तर? लुरियो नदीकाठच्या एका गावात म्हणे दोन सालं काही उगवलं नाही, तेव्हा कंपनीच्या साहेबानं जमीन मेलेली आहे म्हणून हात झटकले आणि खुंट्या उपटून नेल्या. तेव्हा प्रत्येकीनं आपापल्या वाट्याची सरकी कोरड्या मडक्यात, मंद जाळावर भाजायची. करपवायची नाही, वास सुटू द्यायचा नाही. फक्त तिच्यातला जीव गेला पाहिजे. मग पेरायची मुकादमाच्या नाकासमोर, अगदी ओळीत, शहाण्यासारखी.

"आणि मुकादमानं चावून बघितली तर?" एकीनं विचारलं.

"चावू दे की. सायकलवर बसून बसून त्याला तरी कुठे काही खायला मिळतंय!" नाकोमा म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी बायका खळखळून हसल्या.

मग ती गंभीर झाली. सगळ्यांनी भाजली तरच उपयोग. एकीचं जरी शेत हिरवं झालं तरी जमीन मेलेली नाही हे उघडं पडेल आणि सगळ्या जणी मरतील. एकेकीनं पिठाला हात लावून शब्द दिला. मुहुपीनंही दिला. हात लावताना तिच्या मनात काही नव्हतं.

घरी येऊन तिनं सरकीची पोतडी सोडली आणि मग तिच्या ध्यानात आलं.

खायचं ते धान्य, ते भाजा, कुटा, काही करा. पण पेरायला म्हणून राखलेलं ते बी, आणि घरात पोटुशी असताना बी विस्तवावर चढवत नाहीत. मुहुपीच्या आईनं पाळलेलं, आजीनं पाळलेलं. बी भाजलं की पोटातलं बी होरपळतं. हे नाकोमाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या मते सरकी हे बीच नव्हे, ती गोऱ्यांची पीडा. मुहुपीला ते पटेना. पीडा असली तरी तिला कोंब फुटतो की नाही? मग जीव आहेच. दुसरीच्या चुलीवर भाजायला द्यावी, तर सरकी कोणाच्या नावची? हिच्याच घरची. आणि नाकोमाला जाऊन विचारावं, तर ती म्हणेल, शब्द दिलास ना? लेकीची दोन मुलं गेली आहेत हो, तिसऱ्याची जोखीम कशी घ्यायची? सकाळभर ती चुलीपुढे मडकं घेऊन बसली. जाळ पेटवायची आणि विझवायची.

शेवटी तिला तोड सुचली. विस्तवावर चढवायचंच नाही. पाणी तापवायचं, मडकं खाली उतरवायचं आणि ते पाणी सरकीवर ओतायचं. पाणी म्हणजे काही विस्तव नव्हे. गरम पाण्यानं गवत मरतं, मुंग्या मरतात, सरकी मरणार नाही होय? तिनं पाणी उकळवलं. पण वाफ बघितली आणि तिचा धीर सुटला, ती थोडा वेळ थांबली. मग आणखी थोडा वेळ थांबली. पाण्यात बोट बुडवून बघितलं, जरासं पोळलं, आणि तिनं ते सरकीवर ओतून वर झाकण ठेवलं. संध्याकाळी निथळून सावलीत पसरली. मुआचानं विचारलं, आई, ओली का गं? तिनं सांगितलं, धुतली. दोन्हीकडचं सांभाळलं म्हणून तिला त्या दिवशी शांत झोप लागली.

आता कोमट पाण्यात भिजवलेली सरकी काय करते, हे त्या गावात कोणाला ठाऊक असणार? कापूस काही त्यांच्या बापजाद्यांचा नव्हे. ज्वारी असती तर मुहुपीनं डोळे मिटून सांगितलं असतं. सरकीचं टरफल कठीण, कोरडी पेरली तर निम्मी उगवते, निम्मी कुजते. तिनं ते टरफल मऊ करून दिलं होतं.

पाऊस झाला आणि आठवड्याच्या आत मुहुपीचं शेत ओळीनं हिरवं झालं. एक बी वाया गेलं नाही. दोन-दोन जाडजूड पानं काढून रोपं वर आली, आणि चारी बाजूंना सगळ्यांची शेतं काळी, उघडी.

तिनं ते पाहिलं. मग ती ओणवी होऊन उपटायला लागली. मुआचाला कळलं तशी तीही पोट सावरत आली. दोघी मायलेकी दोन्ही हातांनी रोपं ओढत होत्या, मातीत पुरत होत्या. एक ओळ साफ होईस्तोवर पलीकडच्या ओळीत नवी रोपं डोकं वर काढत होती. शेजारच्या शेतातली बाई बांधावर येऊन उभी राहिली. मुहुपीला वाटलं, ही आता ओरडेल. ती ओरडली नाही, कुदळ टाकून आत आली आणि तीही उपटू लागली. मग आणखी एक आली.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली.

मुकादम इनासियू वाईट होता असंही नाही, भित्रा होता. त्याच्या डोक्यावर साहेब होता, साहेबाच्या डोक्यावर कंपनी. दुसऱ्या गावांत रोपं आली तरी नाकारोआत काही उगवत नाही म्हणून त्याला आधीच शिव्या बसल्या होत्या, नोकरी जायची वेळ आली होती. त्यानं अर्धं हिरवं शेत पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बायका विरळणी करताहेत असं त्याला वाटलं, की तसं समजणं त्याला सोयीचं वाटलं. तो तसाच सायकल फिरवून साहेबाला आणायला गेला.

साहेब आला तो शिपाई घेऊनच. मुहुपीच्या शेतात उकिडवा बसून त्यानं माती चिमटीत घेतली, चोळली. मग शेजारच्या काळ्या शेतात गेला, बोटानं ओळ उकरली आणि एक सरकी काढली. नखानं फोडली. आत पांढरं असायला हवं, ते तपकिरी होतं. त्यानं ती नाकाशी नेली. दुसऱ्या शेतातली काढली, तिसऱ्या शेतातली काढली. नंतर इनासियूकडे बघून हसला, आणि ते हसू पाहून इनासियू दोन पावलं मागे सरला.

गावातल्या सगळ्या बायका ओळीनं उभ्या केल्या. एका शिपायाच्या हातात मारायची फळी होती. जाड लाकडाची, रवीएवढ्या दांड्याची, मधोमध भोकं पाडलेली. भोकं अशासाठी की तळहाताचं मांस त्यांत ओढलं जावं. हे ज्यानं शोधून काढलं तो कुठला माणूस असेल, त्याला घरी लेकरंबाळं असतील का, हा प्रश्न मला अजून पडतो. पहिली नाकोमा. तिनं आपले ते एवढेसे हात पुढे केले, दोन्ही.

मुहुपीला मात्र लेकीसकट ओळीतून बाहेर काढलं. साहेबानं गाडीतून नवीकोरी कापुलाना, बायका अंगाला गुंडाळतात ते कापड, मागवली, निळ्या फुलांची, कमरेला दोन वेढे येतील एवढी लांब, आणि तिच्या हातावर ठेवली. इनासियूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की चांगलं काम करणाऱ्या बाईला कंपनी असा मान देते, बघून घ्या.

फळीचा आवाज सुरू झाला होता. मुहुपीनं कापड खाली टाकलं आणि पुढे झाली.

"मीही यांच्यातलीच आहे," ती इनासियूला म्हणाली. "मीही मारायलाच बघत होते सरकी. माझी मेली नाही एवढंच. सांग त्याला. मलाही ओळीत घे."

साहेबानं इनासियूला विचारलं, काय म्हणते? इनासियूनं एकदा तिच्याकडे बघितलं. गावात एकच शेत हिरवं होतं, आणि तेवढ्यावर त्याची भाकरी टिकून होती. त्यानं पोर्तुगीजमध्ये काहीतरी सांगितलं. साहेबानं मान डोलावली, कापड उचललं, धूळ झटकली आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. जवळच उभ्या असलेल्या एका शिपायानं, त्याला दोन्ही भाषा यायच्या, हळूच हसत तिला सांगितलं, "तू आभार मानलेस म्हणे."

शेवटच्या बाईपर्यंत मुहुपीला ते कापड धरून उभं राहावं लागलं.

नंतर तिच्याशी कोणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं, बोलायला तरी मिळालं असतं. ओढ्यावर ती गेली की बायका घागरी उचलायच्या. उचलायच्या कशा, तर मनगटांनी आणि कोपरांनी, कारण हात सुजून लाकडं झालेले, बोटं मिटत नव्हती. कुदळ धरता येईना, पीठ कुटता येईना. लेकरांना भरवायला लेकरंच. विस्तव मागायला तिच्या दारात कोणी येईना. ती एकेकीच्या दारात जाऊन पाणी भरून ठेवायची, कसावा कुटून ठेवायची. कोणी नको म्हटलं नाही आणि कोणी ये म्हटलं नाही. ती कापुलाना तिनं घराच्या वाशात खोचून ठेवली होती. जाळायचं धाडस झालं नाही, कंपनीनं विचारलं तर?

आणि मुआचाचे दिवस भरले.

दुपारी ऐन उन्हात कळा सुरू झाल्या. मुहुपी दारात येऊन उभी राहिली आणि तिला कळेना, हाक कोणाला मारायची. कोणत्या तोंडानं? आतून मुआचा विव्हळत होती. आणि मग वाटेवरून नाकोमा येताना दिसली, हात छातीशी धरून, कोणी तान्हं मूल धरून चालावं तशी हळूहळू. तिला बोलावणं गेलं नव्हतं. विव्हळणं ऐकू आलं, तेवढं तिला पुरे होतं.

"थोरल्या आई, मी तुम्हाला..." मुहुपी बोलायला गेली.

"बोलायचं नंतर. पाणी तापव. आणि हात धू," नाकोमा म्हणाली. तिनं आपले हात पुढे केले. तळवे काळेनिळे, फुगलेले, एक बोट वाकडं झालेलं. "हे उपयोगाचे राहिले नाहीत. गावात आता धड हात तुझेच."

मुहुपीच्या हातांना कुदळ ठाऊक होती, उखळ ठाऊक होतं. हे काम तिनं कधी केलं नव्हतं. नाकोमा तिच्या खांद्याशी टेकून बसली आणि सांगत राहिली. तिथे नाही, खाली. हळू. आता काय लागतं बोटाला? डोकं? केस लागतात? थांब, तिला श्वास घेऊ दे. बराच वेळ ठीक चाललं होतं. मुआचानं दात आवळून जोर केला आणि डोकं बाहेर आलं, आणि तिथेच अडलं.

"गळ्याशी बघ. नाळ आहे का?"

होती. दोन वेढे, घट्ट.

"बोट सरकव खाली. एकच बोट. चामडीला चिकटून. सरकव आणि डोक्यावरून काढ."

मुहुपीनं बोट घातलं, जाड, घट्टे पडलेलं. जाईना. निसटलं. पुन्हा घातलं. नाकोमा घामानं भिजली होती. तिनं न राहवून आपला हात पुढे नेला, पण तिची बोटं मिटलीच नाहीत. ती हुंदक्यासारखं काही बोलली आणि हात मागे घेतला. "सरकव गं माझे आई, सरकव." पहिला वेढा निघाला. दुसरा निघायला फार वेळ लागला.

मुलगी होती. भरल्या अंगाची, काळ्याभोर केसांची, निळी. नाकोमानं तिला उलटी धरायला सांगितलं, पाठ चोळायला सांगितलं, तोंडात फुंकायला सांगितलं. मुहुपी फुंकत राहिली. नाकोमानं पुरे म्हटलं तरी फुंकत राहिली.

गुंडाळायला घरात धड फडकं नव्हतं. मुआचानं वाशाकडे बघितलं. नाकोमानं मान हलवली आणि दातांनी गाठ सोडून स्वतःच्या अंगावरचं जुनं कापड दिलं. पोर त्यातच गुंडाळून मातीआड केली.

सगळं आटोपल्यावर दोघी दाराबाहेर बसल्या. मुहुपीनं त्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. मडकं, वाफ, बोट बुडवून बघितलेलं पाणी. लेकीच्या पोटाला भिऊन केलं, म्हणाली. आणि मग तिच्या मनात रुतून बसलेलं विचारलं.

"पाणी गरमच होतं ना थोडं. म्हणून झालं का हे? पोटातलं होरपळलं का?"

नाकोमानं आपले सुजलेले हात मांडीवर उपडे ठेवले.

"नाही गं," ती म्हणाली. "तुझी सरकी तर सगळी जगली. पोरही जगणारच होती. माझे हात असते तर मी तिला एका बोटानं सोडवली असती."

मुहुपी रडली ती तेव्हा. तोवर तिला रडू आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात इनासियू गाडी घेऊन आला. दुबार पेरणी. दारोदारी पोतडी टाकत गेला. उद्यापासून माझ्या डोळ्यांदेखत पेरायची, म्हणाला, आणि रोज संध्याकाळी मी शेतं बघणार. मुहुपीच्या दारात थांबून त्यानं नजर चुकवली आणि तुझं शेत तर छानच आहे असं काहीतरी पुटपुटला. ती त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तो घाईनं सायकलवर बसला.

ऊन कलायच्या सुमाराला पहिली बाई आली. ओढ्यावर घागर उचलून निघून जाणारी. तिनं आपली पोतडी दोन मनगटांत धरून आणली होती. मुहुपीच्या उंबऱ्याशी ठेवली आणि गेली. मग दुसरी आली. मग एकामागून एक. त्यांना पळी धरता येत नव्हती, आणि दुसरं कोणी नव्हतं. पकडलं गेलो तर या खेपेला फळीवर भागणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आणल्या. कापूस पिकवून मरायचं ते मरायचंच, तर असं मरू.

मुहुपीनं चूल पेटवली. मोठं कोरडं मडकं वर चढवलं, पहिली पोतडी त्यात रिकामी केली आणि ढवळायला लागली. जाळ मंद ठेवला. एकेक सरकी फोडून बघत होती, आत रंग बदलतोय का, वास सुटतोय का. या खेपेला तिला चुकायचं नव्हतं.

आत चटईवर पडलेल्या मुआचानं कूस बदलली. दूध आलं होतं, ते पाझरून चटई ओली झाली होती. या खेपेला आलं होतं.

"आई, काय भाजतेस?"

"सरकी."

मुआचानं चुलीकडे मान वळवली. "घरात चालेल?"

"आता चालेल," मुहुपी म्हणाली, आणि ढवळत राहिली.